टपावरचं कॅरिअर

ड्रिलचं टोक पत्र्यातून आरपार आलं, गरगरलं आणि परत वर निघून गेलं; त्यानं पाडलेल्या भोकातून उन्हाचा एक बारीक पांढरा दोरा पिकअपच्या केबिनमध्ये उतरला आणि थेट माझ्या मोठ्या बहिणीच्या मांडीवर येऊन टेकला. पिवळ्या ओढणीवरचा तो इवलासा उजेड सुमनताईनं तळहातावर घेतला, मूठ मिटली आणि माझ्याकडे बघून हसली. तिच्या केसांत लोखंडाचा चकाकता, वळ्यावळ्यांचा कीस सांडला होता... इतकी आनंदी मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्यानंतरही नाही.

अकोल्यातला मे महिना होता तो — कावळेसुद्धा नळाच्या तोटीखाली चोच उघडी टाकून बसतात, आणि दुपारी दाराच्या कडीला हात लावायचा तर आधी पदर गुंडाळावा लागतो, असा. आम्ही औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या गजूभाऊंच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर होतो. बाबांनी जुनी पिकअप घेऊन वर्ष झालं होतं आणि आज तिच्या टपावर कॅरिअर बसत होतं. टपाला भोकं पाडायची, वरून बोल्ट सोडायचे आणि आतून कुणीतरी नटावर पाना घट्ट धरून ठेवायचा, म्हणजे वरून आवळता येतं. केबिनमध्ये बसलेलंच कुणीतरी हवं होतं, आणि ताई तर बसलेलीच असायची.

ताई बसलेलीच असायची... हे वाक्य मी आज इतक्या सहज लिहिते आहे, पण आमच्या घराचं सगळं बालपण त्या एका वाक्याभोवती फिरत होतं. दीड वर्षांची असताना तिला ताप आला, आणि ताप उतरला तो तिचे पाय घेऊनच. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, त्यामुळे मला ती आठवते ती जमिनीवर हातांच्या आधारानं सरकत जाणारी, ओट्यावर बसून भाजी निवडणारी, खिडकीत बसून मोठ्यानं धडे वाचणारी. बारावीत होती तेव्हा एका शिबिरात तिला चाकांची खुर्ची मिळाली. निळ्या रेक्झिनची, घडी होणारी. ती आली त्या दिवशी घराला नव्या रबराचा वास सुटला होता, आणि ताईनं पुढच्या खोलीतून मागच्या अंगणापर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की शेणानं सारवलेल्या अंगणात चाकांच्या दोन समांतर रेघा कोरल्यासारख्या उमटल्या होत्या. खुर्चीमुळे तिचे दंड मुलांसारखे घट्ट झाले. खेळताना तिनं माझं मनगट धरलं, की सुटता यायचं नाही.

घराला लागूनच बाबांचा पत्र्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाची एक मोठी शेड. वर्षभर तिथं धान्याच्या कोठ्या आणि लग्नातल्या पेट्या बनायच्या, उन्हाळ्यात कूलर. हातोडीच्या ठोक्यांवर आम्ही उठायचो, ठोके थांबले की जेवायची वेळ झाली असं समजायचो. कूलरच्या गवताचा तो ओलसर, लाकडी वास, भिजलेल्या वाळ्याचा थंडावा, तापलेल्या पत्र्याची तोंडात उतरणारी तुरट चव — डोळे मिटले की आजही ही सगळी सृष्टी माझ्यापाशी येते, आणि तिच्या मध्यभागी बाबा उभे असतात. खांद्यावर दुपट्टा, हातात चहाचा ग्लास, भोवती माणसं.

बाबांच्या भोवती माणसं कायम असायची, कारण बाबांसारखी थट्टा गल्लीत कुणालाच जमत नसे. एका गिऱ्हाइकाला त्यांनी पटवलं होतं, की टाकीत तुरटी टाकली तर कूलर बर्फाचे खडे फेकतो. तो बिचारा तीन रात्री चादर पांघरून वाट पाहत बसला होता. नव्या कामगाराला ते भर उन्हात शेजारच्या दुकानात ‘पत्रा मऊ करायचं तेल’ आणायला धाडायचे. सगळी गल्ली पोट धरून हसायची. ज्याची थट्टा व्हायची तोही हसायचा, कारण न हसणाऱ्याची पुन्हा व्हायची. घरात मात्र आई हसत नसे. ती पदर सावरून आत निघून जायची, आणि मला तेव्हा वाटायचं की आईला विनोद कळत नाही.

बारावीचे पेपर ताईला चांगले गेले होते. निकाल लागला की अमरावतीच्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळणार होता. वसतिगृहाच्या बाईंनी निरोप धाडला होता, की मुलीसाठी तळमजल्यावरची खोली ठेवते, फक्त तिची खुर्ची सोबत पाठवा. बाबा दर आठवड्याला माल घेऊन अमरावतीला जायचेच. रात्रीच्या जेवणाला ताईनं विषय काढला. मला वाटलं, बाबा रागावतील. पण ते भाकरीचा तुकडा मोडत अगदी शांतपणे म्हणाले, “मांगच्या डाल्यात पत्र्याचा माल असते. तुही खुर्ची त्यात ठेवली तं चेंदामेंदा होईन. असं करू, पिकअपले टपावर कॅरिअर बसवतो. खुर्ची वरतं बांधू, तू माह्या बाजूले बस. राणीवानी जाशीन अमरावतीले.”

चुलीपुढे आईचा हात परातीत थांबला. पुढची भाकर तिनं थापली ती एका बाजूनं जाड झाली.

त्यानंतरचे दिवस... त्या दिवसांना कैरीच्या पन्ह्याचा आणि उन्हात वाळणाऱ्या सांडग्यांचा वास आहे. ताई रोज टेप घेऊन बसायची. खुर्ची घडी करून तिची लांबी, चाकाचा घेर, हँडलची उंची. सगळी मापं तिनं पाठ केली होती. कॅरिअरच्या पुढच्या पट्टीला दोन लोखंडी कडी हवीत, म्हणजे दोन्ही चाकं त्यांना बांधता येतील आणि वाऱ्यानं खुर्ची हलणार नाही, हेही तिनंच काढलं. रंगसुद्धा तिनं निवडला, मोरपंखी. बाबा जेवताना विचारायचे, “काय व सुमन, झालं काय माप घेऊन?” आणि ती खुलून सांगायची. बाबा मान डोलवायचे, मधूनच एखादी शंकाही काढायचे — पावसात रेक्झिन भिजेल, ताडपत्री लागेल — आणि ताई दुसऱ्या दिवशी ताडपत्रीचं माप घ्यायला बसायची.

म्हणून त्या दुपारी, तापलेल्या केबिनमध्ये, आतल्या छताचं कापड सोडवून उघड्या पाडलेल्या पत्र्याखाली ताई दोन्ही हात वर करून पाना धरून बसली होती. मी उघड्या दारात पायरीवर उभी राहून तिला एकेक नट आणि रबराचा वायसर देत होते. घामानं तिची पाठ सीटला चिकटली होती. टपावर गजूभाऊ वाकले होते; बाजूच्या चहाच्या टपरीवर बाबा बाकड्यावर बसले होते आणि त्यांच्याभोवती नेहमीसारखी चारपाच माणसं जमली होती.

“दादा,” गजूभाऊंनी वरूनच विचारलं, “खुर्ची बांधाले कडे कुठं लावू? बाई म्हने पुढच्या पट्टीले दोन पाह्यजेत.”

बाबांनी चहावर फुंकर घातली. “कडे-बिडे राहू दे. बाजूच्या पट्ट्या उंच घे. कोठ्या आडव्या टाकता आल्या पाह्यजेत.”

“मंग खुर्ची?”

“कायची खुर्ची? तिले कुठं जायाचं हाय.”

कुणीतरी हसलं. बाबांना तेवढं पुरे असायचं. ग्लास खाली ठेवून ते रंगात येऊन सांगू लागले, “महिना झाला, पोरगी रोज टेप घेऊन बसते. चाकाचं माप, दांडीचं माप. आता ताडपत्रीचं माप. मी म्हनलं, घे बा. माप घ्याले काय लागते.” आता सगळेच हसले. टपावरचे गजूभाऊही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, एवढंच त्यांच्या हसण्यात होतं, पण ते हसले, आणि ताईच्या डोक्यावरचा पत्रा त्या हसण्यानं किंचित थरथरला.

मी ताईकडे पाहिलं. तिचे हात तसेच वर होते. डोळे पान्यावर होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. जणू कुणीतरी पाटी ओल्या फडक्यानं पुसून घेतली होती.

मी पायरीवरून उतरून टपरीपाशी गेले आणि विचारलं, “बाबा, पण ताईच्या कॉलेजचं काय?” बाबांनी माझा गाल धरला. “तू जा न तिच्या संग. ढकलत ढकलत ने. दिवाळीपर्यंत पोचसान.” हसणं पुन्हा उसळलं. मी परत आले तेव्हा गजूभाऊ टपावर बोटांनी टकटक करून विचारत होते, “बाई, पाना धरला काय घट्ट?”

“धरला,” ताई म्हणाली.

तिनं शेवटच्या बोल्टापर्यंत धरला. प्रत्येक नट आवळताना तिच्या दंडाची शीर ताठ व्हायची आणि सैल पडायची. मी वायसर देत राहिले, ती लावत राहिली. जे कॅरिअर तिला नेणार नव्हतं, ते तिनं स्वतःच्या हातांनी असं घट्ट बसवलं, की पुढे इतक्या वर्षांत ते कधी खडखडलंसुद्धा नाही.

घरी परतताना बाबा गुणगुणत होते. आमच्या गल्लीच्या वळणावर त्यांनी तिरप्या नजरेनं ताईकडे पाहिलं. “राग आला काय व? थट्टा होती.”

“कोनती?” ताईनं समोर बघतच विचारलं. “नेतो म्हनले ते, का नेत नाही म्हनले ते?”

“दोनीबी,” बाबा म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन त्यांनी हॉर्न वाजवला.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडल्यावर मातीचा उष्ण वाफारा उठत होता, तेव्हा आई ताईला पुढ्यात घेऊन तिच्या केसांतला लोखंडाचा कीस काढत बसली. खोबरेल तेल, लाकडी फणी, आणि एकेक बारीक, टोकदार कुरळा कीस... आई तो काढून पितळी वाटीत टाकायची आणि वाटीतून नाजूक आवाज यायचा.

“आई,” ताई म्हणाली, “तुले मालूम होतं काय?”

“तुह्या बापाचा सभाव तं तुले...”

“मालूम होतं काय, एवढंच सांग.”

आईची फणी थांबली नाही. ती खाली बघून म्हणाली, “तुह्या तोंडावर एवढा आनंद होता, माय. म्या म्हनलं, जितके दिवस राह्यते तितके दिवस राहू दे.”

ताईनं मागे हात नेला, आईच्या हातातली फणी काढून घेतली, आणि उरलेले केस स्वतः विंचरले. त्या संध्याकाळनंतर तिनं आईला केसांना हात लावू दिला नाही. कितीदा आई तेलाची वाटी घेऊन तिच्यामागे येऊन बसायची, आणि थोडा वेळ बसून तशीच उठून जायची. मी ते पाहायची. बाबांवर ताईनं राग काढला असता, आदळआपट केली असती, तर घरानं सुटकेचा श्वास टाकला असता. पण बाबांशी ती जेवढ्यास तेवढं बोलत राहिली, आणि शिक्षा सगळी आईला झाली.

जून आला, गेला. मोरपंखी कॅरिअरवर आडव्या कोठ्या बांधून पिकअप अमरावतीला जाऊ-येऊ लागली. सुगीच्या आधी कारखान्यात कोठ्यांची घाई उडाली. हातगाडीचं चाक मोडलं, तेव्हा बाबा घरात आले आणि ताई पलंगावर होती तोवर तिची खुर्ची बाहेर घेऊन गेले. “दोन दिवस,” ते म्हणाले. ती परत आली नाही. कोठ्या शेडमधून पिकअपपर्यंत न्यायला ती फारच सोयीची होती. गिऱ्हाइकं म्हणायची, दादाचं डोकं लय चालते. पत्र्याच्या धारेनं रेक्झिन फाटलं, मग बाबांनी बसायची जागाच कापून तिथं फळी ठोकली. ताई खिडकीतून रोज ते बघायची, आणि पुन्हा पूर्वीसारखी हातांवर सरकत घरभर फिरायची. चाकांच्या रेघा अंगणातून कधीच पुसल्या गेल्या होत्या.

ती घरी बसून शिकली. बाहेरून परीक्षा दिल्या, रिक्षावाल्याला सांगून केंद्रावर गेली, पदवी घेतली, मग सरकारी नोकरीच्या परीक्षा. तिला अमरावतीच्याच एका कार्यालयात नोकरी लागली, तेव्हा मी कॉलेजात होते. जायच्या दिवशी तिनं स्वतःच भाड्यानं गाडी बोलावली. बाबा ओट्यावर उभे होते, गल्लीही जमली होती; सवयीनं ते ड्रायव्हरला म्हणाले, “सांभाळून ने रे बा, वापस केलं तं आमी घेत नाही.” या वेळी फारसं कुणी हसलं नाही. आईनं सकाळपासून खपून केलेला डबा गाडीत सीटवर ठेवला. ताईनं तो उचलला, खिडकीतून हात बाहेर काढून ओट्याच्या कडेवर ठेवला आणि काच वर केली. गाडी गेल्यावर आई त्या डब्याशेजारी ऊन अंगावर येईपर्यंत बसून होती.

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. ताई वर्षातून एकदा यायची, दिवाळीला, आणि त्याच दिवशी परत जायची. आई शेवटची आजारी पडली तेव्हा मी बाळापूरहून, सासरहून, येऊन तिच्याजवळ राहिले होते. ती अर्धवट ग्लानीत सारखी विचारायची, “सुमी आली काय?” मी ताईला फोन केला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, कोणते डॉक्टर, कोणती औषधं. मग म्हणाली, “सुट्टी नाही गं.”

तो रविवार होता.

ताई आली ती दुसऱ्या दिवशी, सगळं संपल्यावर. आईच्या उशाशी तिची खुर्ची — आता तिची स्वतःची, बॅटरीवर चालणारी — उभी होती, आणि ती हात मांडीवर ठेवून बघत होती. बायका म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. ती रडली नाही. आईच्या कपाळावर एक पांढरी बट आली होती; मला वाटलं, आता तरी ताई हात पुढे करेल. बट मीच मागे सारली.

कारखाना त्याआधीच बंद पडला होता. पिकअप भंगारात गेली होती. बाबांना मोतीबिंदूच्या फसलेल्या शस्त्रक्रियेनंतर अंधुक दिसायचं, गुडघे गेले होते, आणि ओट्यावर जमणारी माणसं एकेक करून कमी झाली होती. माझ्या सासरी जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या मनातही नव्हती. अशा वेळी ताईचाच फोन आला. “बाबांना माझ्याकडे आणून सोड.” नातेवाईक धन्य झाले. एवढं होऊनही पोरगीनंच बापाले ठेवलं, असं लग्नाकार्यांत सांगितलं जाऊ लागलं. मीही त्या रात्री सुटल्यासारखी रडले.

ताईचं घर अमरावतीत शांत वस्तीत आहे, तळमजल्यावर. उंबरे नाहीत, दारं रुंद. बाबांना स्वतंत्र खोली आहे, उन्हाळ्यात कूलर, हिवाळ्यात दोन रजया. गोळ्या वेळेवर, जेवण गरम, महिन्याला तपासणी. ताईच्या घरी दिवसभर रुखमाबाई असतात, त्या सगळं करतात. मी तिथं दोनदा जाऊन आले तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या वेळी आलं. ताई म्हणत होती, “रुखमाबाई, त्यांना विचारा, दूध घेणार का.” आणि बाबा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

ती त्यांच्याशी बोलत नाही. आल्या दिवसापासून नाही. रुखमाबाईंनी मला हळूच सांगितलं, की पहिल्यांदा म्हातारबा चिडले, ओरडले. मग हात जोडले. मग कितीतरी दिवस गमती सांगून पाहिल्या, तुरटीची, तेलाची, सगळ्या. ताई ऐकायची, हातातलं काम करत राहायची. सकाळी दूधवाला दारात यायचा, त्याच्याशी बाबा दोन वाक्यं बोलून घ्यायचे, तो हसायचा. ताईनं फाटकाला पिशवी अडकवली आणि दूधवाल्याला सांगितलं, की आत यायची गरज नाही.

गेल्या महिन्यात मी गेले होते. ताई ओट्याशी — तो तिच्या उंचीचा बांधून घेतलेला आहे — वांगी भाजत होती. धुरकट, गोडसर वास घरभर पसरला होता. मी न राहवून विचारलं, “ताई, किती दिवस असं?”

तिनं वांगं फिरवलं. “मी त्यांना काही कमी केलंय का?”

“नाही.”

“मग?”

आम्ही तिघं जेवायला बसलो. भरीत, ज्वारीची भाकर, कांद्याची पात, ताक. बाबा चाचपत चाचपत खात होते. ताटात काय कुठं आहे ते रुखमाबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यांचा सदरा स्वच्छ होता, दाढी केलेली होती. दुसरी भाकर संपवून त्यांनी बोटं पुसली, आणि खुर्चीच्या मोटारीचा बारीक आवाज जिकडून येत होता तिकडे तोंड करून म्हणाले, “सुमन, भरीत चांगलं झालं व.”

ताईनं त्यांच्या ग्लासात ताक ओतलं, काठाच्या किंचित खाली, सांडू नये इतकं, आणि ग्लास त्यांच्या हाताला लागेल असा सरकवला. बाबा वाट पाहत राहिले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा ताईनं माझ्याकडे पाहिलं.

मी भाकरीचा तुकडा मोडला. बाबा अजून त्याच दिशेला मान किंचित तिरपी करून ऐकत होते.